विमानाचा सातबारा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठी विभागात लिहिते म्हटल्यावर संपादक मंडळाला धडकी भरली होती. ऱ्हस्व-दीर्घ मंडळाने बघावं, मतं माझी आहेत. आणि मत असं आहे की, आपल्याकडे ज्याच्या नावावर दोन एकर धानाची बांधी आहे त्याची मालकी अख्ख्या जगाला उघडी आहे, आणि ज्याच्याकडे विमान आहे त्याचं नाव शोधायला गेलं की कंपनीच्या आत कंपनी निघते. हे उलटं झालंय.

पटत नसेल तर करून बघा. हॉस्टेलमध्ये नेट चालू असेल (म्हणजे रात्री दोननंतर!) तेव्हा महाभूलेख उघडा. जिल्हा गोंदिया, तालुका सडक अर्जुनी, गाव सौंदड. गट नंबर माहीत नसेल तरी चालतं, आडनाव टाका. गावात त्या आडनावाचे जेवढे खातेदार, तेवढ्यांची यादी समोर. माझ्या आजोबांचं नाव त्यात आहे. क्षेत्र किती हेक्टर किती आर, आकार किती, बारा नंबरमध्ये धान किती, पड किती आणि इतर अधिकाराच्या रकान्यात सेवा सहकारी सोसायटीचा बोजा. फुकट! सहीचा उतारा हवा तर पंधरा रुपये. आजोबांना कोणी विचारलं नाही की, बाबाजी, तुमचं कर्ज आम्ही पुण्या-मुंबईच्या माणसाला दाखवू का? आमच्याकडे सोयरीक जमवायच्या आधी मुलाचा फोटो नंतर बघतात, सातबारा आधी.

माझी याबद्दल तक्रार मुळीच नाही. सातबारा उघडा आहे म्हणून एकाच जमिनीचे दोन सौदे करणाऱ्याला थोडा तरी धाक आहे. जमीन ही अशी वस्तू आहे की तिचा मालक कोण हे शेजाऱ्याला, बँकेला, घेणाऱ्याला कळायलाच हवं. एवढं मान्य केलं की माझा पुढचा प्रश्न येतो : मग विमानाचं काय?

"आपला काय संबंध विमानाशी?" असं रूममेट म्हणालीच. संबंध आहे. आमच्या जिल्ह्यात विमानतळ आहे, बिरसीला. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांची. प्रवासी विमान तिथे यायला २०२२ चा मार्च उजाडला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गोंदियाच्या आकाशात छोटी विमानं घिरट्या घालतात, कारण तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. खालून बघणारी पोरं सगळ्यांना एकच नाव देतात, "बिरसीचं विमान". १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं असंच एक प्रशिक्षणाचं विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगराळ जंगलात कोसळलं आणि आतले दोघं, शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. लोकांच्या तोंडी तेव्हाही "बिरसीचं विमान" एवढंच होतं. प्रत्यक्षात ते विमान होतं इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचं, जिचं मुख्य ठाणं उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात आहे. आता विचार करा, ते विमान जंगलाऐवजी कोणाच्या घरावर पडलं असतं, तर त्या घरच्या माणसाने भरपाईचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा? विमानतळाच्या? पायलटच्या? ज्याच्या शेतावरून विमान जातं, त्याला विमान कोणाचं हे विचारायचा हक्क आहे. इतका साधा मुद्दा आहे.

आणि गंमत म्हणजे, जगातल्या विमानवाल्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच पटलेलं आहे. म्हणूनच प्रत्येक विमानाच्या अंगावर अक्षरं असतात. आपली अक्षरं व्हीटीने सुरू होतात. (व्हिक्टोरिया टर्मिनस नव्हे! बिनतारी संदेशाच्या जमान्यात देशोदेशी अक्षरं वाटली गेली, त्यात हिंदुस्थानच्या वाट्याला ती आली.) जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते पस मॉथ विमानही व्हीटी-एडीएन. व्हीटीनंतर तीन अक्षरं. आपण इंजिनिअर, लगेच हिशोब : सव्वीसचा घन, म्हणजे १७,५७६. त्यातून क्यूने सुरू होणारी ६७६ वजा, कारण ती बिनतारी संदेशांच्या सांकेतिक भाषेची, आणि एसओएससारखी दोन-चार वजा. म्हणजे साधारण सोळा हजार नऊशे. आंतरराष्ट्रीय नियम असा की ही अक्षरं पंखांवर निदान ५० सेंटिमीटर उंच आणि अंगावर निदान ३० सेंटिमीटर. शिवाय दाराजवळ, आगीत न जळणाऱ्या धातूची एक पट्टी ठोकायची, तिच्यावरही तीच अक्षरं. का? तर विमान जळून राख झालं तरी ते कोणाचं होतं हे त्या पट्टीवरून कळावं. माणसाचं ओळखपत्र जळतं, विमानाचं जळत नाही.

ही अक्षरं कोणत्या नावापुढे लागली आहेत ते लिहिलेलं असतं नागरी विमानन महासंचालनालयाच्या नोंदवहीत. आपण त्याला डीजीसीए म्हणतो. १९३७ च्या विमान नियमांत ही नोंदवही कशी ठेवायची ते दिलेलं आहे : विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, मालकाचं नाव-पत्ता, भाडेपट्ट्यावर असेल तर भाडेकऱ्याचं नाव. आणि ही वही जनतेला बघायला मोकळी असेल, असंही त्याच नियमांत आहे. इंग्रजांच्या राज्यात हे लिहून ठेवलं होतं, विचार करा. डीजीसीए विमानांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर टाकते. भाड्याने विमानं देणाऱ्या परवानाधारकांची यादी वेगळी, त्यात कोणाकडे कोणती व्हीटी ते असतं. म्हणजे कागदोपत्री विमानाला सातबारा आहे.

मग अडलं कुठे? अडलं "मालक" या शब्दात.

आपल्या सातबाऱ्यात मालकाचा रकाना वेगळा आणि कुळाचा वेगळा. विमानाचंही तसंच. आपण ज्या विमानावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव वाचतो ती कंपनी पुष्कळदा नुसती कूळ असते. मालक आयर्लंडमध्ये नाहीतर अलीकडे गुजरातच्या गिफ्ट सिटीत बसलेली भाडेपट्टा कंपनी. यात काही काळंबेरं नाही, विमान महाग असतं म्हणून सगळं जग असंच करतं. पण खासगी विमानाच्या बाबतीत हीच पद्धत पडदा म्हणूनही कामी येते.

विजय मल्ल्यांचं एअरबस ए-३१९ घ्या. अक्षरं होती व्हीटी-व्हीजेएम. (आरटीओत आवडीचा नंबर मिळतो तशी इथेही आवडीची अक्षरं मिळतात.) आद्याक्षरं इतकी ढळढळीत की वेगळा पुरावा कशाला? पण कर थकला म्हणून सेवाकर खात्याने ते २०१३ मध्ये मुंबईत जप्त केलं, तेव्हा कागदावरून केमन बेटांवरची एक लीजिंग कंपनी पुढे आली. अंगावर अक्षरं मल्ल्यांची, मालकी केमनची! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१६ च्या मार्चमध्ये मल्ल्या देश सोडून गेले आणि विमान मुंबईच्या विमानतळावर जागा अडवून उभं. मालक उडाला, विमान राहिलं. त्याच वर्षी लिलाव ठेवला तर किमान किंमत दीडशे कोटींच्या वर आणि बोली आली एक कोटी नऊ लाखांची. शेवटी २०१८ मध्ये सुमारे पस्तीस कोटींना एका अमेरिकन कंपनीने ते घेतलं. उभी राहिलेली गाडी गंजते हे आपल्या पार्किंगमधल्या बाइक बघूनही कळतं, तर विमानाचं काय होणार. जितका वेळ "खरा मालक कोण" यात जातो तितकी वस्तूची किंमत उतरते, आणि तोटा होतो तो ज्याचे पैसे अडकलेत त्याचा.

ज्याचे पैसे अडकलेत तो म्हणजे कोण, हे मल्ल्यांच्या बाबतीत नीट डोळ्यांसमोर येत नाही. सरकारचा कर, मोठ्या बँका... आपल्याला वाटतं, असेल काहीतरी. पण पीएमसी बँक आठवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सांगितलं, सहा महिन्यांत हजार रुपये काढा. हजार! आपलं मेसचं बिल तरी त्यात बसतं का? बँकेने एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला सहा हजार कोटींच्या वर कर्ज दिलं होतं आणि ते लपवायला एकवीस हजारांवर खोटी खाती उभी केली होती. मग तपास सुरू झाला आणि त्या समूहाच्या मालमत्तेत काय काय निघालं तर खासगी विमानं आणि एक यॉट. समूहाची विमानांसाठी वेगळी कंपनी होती, प्रिव्हिलेज एअरवेज. नाव पण काय शोधलंय!

आता मला सांगा, ती विमानं काही लपवून ठेवलेली नव्हती. व्हीटीची अक्षरं अंगावर घेऊन मुंबईहून दिवसाढवळ्या उडत होती, नोंदवहीत होती. कर्ज फेडलं जात नाहीये आणि कर्जदाराच्या घरच्या कंपनीच्या नावावर विमान आहे, ही जोडणी करायला कोणाला गुप्तहेर लागत नव्हता. पण बँकेच्या आतल्यांना ती करायची नव्हती आणि बाहेरच्या खातेदाराला कुठे बघायचं ते माहीत नव्हतं. आमच्याकडे सोसायटीचे सचिव पन्नास हजारांच्या पीककर्जाला सातबारा, आठ-अ, फेरफार, सगळं मागतात हो! २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, मोठ्या ठेवीदारांचे पैसे पुढे वर्षावर्षाच्या हप्त्यांवर गेले.

माझ्या वाचनात यावर सगळ्यात जोरदार आक्षेप आला तो खासगीपणाचा. आणि तो टाकाऊ नाही. अमेरिकेत जॅक स्वीनी नावाचा आपल्याच वयाचा एक कॉलेजचा मुलगा. विमानं आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच सांगत असतात, दर सेकंदाला, विनासंकेत. (ईएनटीसीवाल्यांनो, सेमिनारला विषय हवा असेल तर घ्या. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा पत्ता असतो आणि भारताचे सगळे पत्ते सोळाच्या पायात आठ या अंकाने सुरू होतात.) २०२० मध्ये या मुलाने इलॉन मस्कचं विमान कुठे उतरलं ते आपोआप जाहीर करणारा प्रोग्रॅम लिहिला. विमान मस्कच्या नावावर नव्हतंच, फाल्कन लँडिंग नावाच्या कंपनीच्या नावावर होतं. मस्कने बंद करायला पाच हजार डॉलर देऊ केले, या पठ्ठ्याने पन्नास हजार मागितले! पुढे २०२२ मध्ये मस्कने ट्विटरच विकत घेतलं आणि डिसेंबरमध्ये याचं खातं बंद झालं. मग २०२४ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०२५ पासून खासगी विमानाच्या मालकाला अर्ज करून सरकारी नोंदवहीतलं आपलं नाव-पत्ता लोकांपासून झाकता येऊ लागला.

मला विचाराल तर स्वीनीचं अर्ध बरोबर होतं. माणूस या क्षणी कुठे आहे हे जगाला सांगणं मला पटत नाही. आपलं हॉस्टेलचं इन-आउट रजिस्टर कोणी रोज गेटवर चिकटवलं तर आपल्याला (विशेषतः आम्हा मुलींना) चालेल का? नाही. पण वस्तू कोणाची आहे हा प्रश्न वेगळा आणि माणूस कुठे आहे हा वेगळा. अमेरिकेने दुसऱ्याचा त्रास झाला म्हणून पहिल्याचंच दार लावून घेतलं. आजोबा आत्ता बांधीत आहेत की चावडीवर हे महाभूलेख सांगत नाही, बांधी कोणाची एवढंच सांगतं. विमानाचंही तेवढंच असावं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे मोटारगाडीच्या मालकाचं नावही आता अर्धं झाकून दाखवतात. एमएच-३५ ची गाडी ॲपवर टाका, नावाच्या जागी अर्ध्या फुल्या. मग विमानवाल्यानेच काय घोडं मारलंय? मारलंय. स्कूटर रोज लाखो माणसं चालवतात. नाव उघडं ठेवलं तर रस्त्यावरचा कोणीही टपोरी मुलीच्या गाडीचा नंबर लिहून घरापर्यंत येईल. खासगी विमान देशात मोजक्या लोकांकडे, तेही बहुधा कंपनीच्या नावाने, आणि त्यावर कर्ज बँकेचं, म्हणजे ठेवीदारांचं. झाकण्याची गरज आणि उघडं ठेवण्याची गरज दोन्ही मोजून बघायच्या असतात. आपल्याकडे मात्र मोजायचंच बंद होत चाललंय. माहिती अधिकार कायद्यातलं खासगी माहितीचं कलम आधी असं होतं की, मोठं जनहित असेल तर माहिती द्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातली ही अट काढून टाकली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ते लागूही झालं. जनहिताची वाट दुसऱ्या एका कलमात अजून शिल्लक आहे म्हणतात, पण आता "खासगी आहे" एवढं म्हणून अर्ज परत पाठवणं सोपं झालं.

आणि वरच्या पायरीचं दार तर आधीपासूनच बंद आहे. समजा तुम्ही व्हीटीवरून कंपनीचं नाव काढलं. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की त्या कंपनीचे संचालक, भागधारक दिसतात. भागधारक म्हणून दुसरी कंपनी दिसते. पुन्हा शंभर. मग तिसरी, आणि ती परदेशातली. खेळ खल्लास. खरा लाभ घेणारा माणूस कोण, याचं रजिस्टर कंपनी कायद्याच्या कलम ९० नुसार कंपनीला ठेवावंच लागतं, म्हणजे माहिती आहे! पण ते बघायचा हक्क फक्त त्या कंपनीच्या सभासदांना. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच बघायला मोकळं. माझी मागणी एवढीच की डीजीसीएच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा. मालक, कूळ, आणि तिसरा रकाना या रजिस्टरमधल्या माणसाच्या नावाचा. पत्ता नको, फोन नको, विमान कुठे चाललंय तेही नको.

याचा उपयोग आपल्याला निवडणुकीत सगळ्यात आधी होईल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या प्रचारात वणीला उद्धव ठाकरेंच्या हेलिकॉप्टरमधली बॅग तपासली आणि दोन दिवस सगळ्या चॅनलवर बॅग, बॅग, बॅग. मग बाकीच्या नेत्यांच्याही बॅगा निघाल्या. कोणाच्या बॅगेत दूध होतं की लोणचं, याच्याशी मला देणंघेणं नाही. सगळ्याच पक्षांचे नेते ज्यातून उतरतात ते हेलिकॉप्टर कोणाचं, भाड्याचं की कोणी असंच दिलेलं? खासगी वर्गात नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. म्हणजे व्हीटी लिहून घेतली आणि परवानाधारकांच्या यादीत ती सापडली नाही, तर कोणीतरी ते "प्रेमाने" दिलंय असा अर्थ निघू शकतो. स्टार प्रचारकाच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, पक्षाच्या हिशोबात येतो, आणि तो हिशोब पक्षाने विधानसभेनंतर ७५ दिवसांत निवडणूक आयोगाला द्यायचा असतो. आयोग तो प्रसिद्ध करतो. एका हातात व्हीटी आणि दुसऱ्या हातात तो हिशोब, हे काम कॉलेजच्या पाच पोरांना एका सुट्टीत जमण्यासारखं आहे. प्रोजेक्टला मार्क मिळणार नाहीत, हा भाग वेगळा.

तसंच उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. नमुना २६. त्यात जंगम मालमत्तेत एक ओळ छापलेलीच आहे : मोटार वाहने, विमाने, यॉट, जहाजे, नोंदणी क्रमांकासहित. मी आमच्या भागातली चार-पाच काढून वाचली. त्या ओळीत ट्रॅक्टर असतात, बोलेरो असते, एखादी जुनी हिरो होंडा असते. विमान कंपनीच्या नावावर असलं तर या ओळीत यायचं कारणच नाही, खाली शेअर्सच्या रकान्यात फक्त कंपनीचं नाव आणि आकडा येतो. स्थावर मालमत्तेत मात्र शेतजमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र सगळ्यांनाच लिहावं लागतं.